तपासणीला जायचं तर रजा कुठली टाकायची? (सहावा महिना, बाणेर, दुपारची शिफ्ट)

पगारपत्रक · २९ सप्टेंबर

नमस्कार. इथे वाचते रोज, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मला तेविसावा आठवडा चालू आहे, पहिलंच. राहायला वारज्याला, डॉक्टर कोथरूडला, ऑफिस बाणेरला. काम पगाराचं, म्हणजे दुसऱ्यांच्या पगाराचं. इंग्लंडमधल्या एका कंपनीचे पगार आम्ही इथे बसून काढतो. त्यामुळे शिफ्ट त्यांच्या घड्याळाने: दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ.

ऐकणाऱ्याला वाटतं, बरंय की, सकाळ मोकळी. आमच्या एचआरलाही तेच वाटतं. पण डॉक्टरांची ओपीडी ११ ते दीड आणि संध्याकाळी ६ ते साडेआठ. संध्याकाळी मी ऑफिसात. आणि अकराची ओपीडी अकराला सुरू झालेली मी अजून पाहिलेली नाही. मॅडम कुणाच्या तरी डिलिव्हरीत असतात. त्यावर मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? जानेवारीत त्या माझ्या डिलिव्हरीत असणार आणि बाहेर दुसऱ्या कुणीतरी खोळंबलेल्या असणार.

गेल्या वेळी पावणेअकराला जाऊन नंबर लावला, आठवा मिळाला. वजन, बीपी, मग बाकावर. आत गेले १ वाजून ५ मिनिटांनी, बाहेर आले १ वाजून १४ मिनिटांनी. मिनिटं मोजायची खोड धंद्यामुळे लागली आहे. औषधं घेऊन, चांदणी चौकातून बाणेर गाठून लॉगिन केलं तेव्हा २ वाजून ४० मिनिटं झाली होती. आमच्याकडे अडीचनंतर लॉगिन झालं की अर्धा दिवस धरतात.

आता गंमत ऐका. सिक लीव्ह टाकली, तर उत्तर आलं की गरोदरपण हा आजार नाही. बरोबर आहे, नाहीच. मग कॅज्युअल टाकायला गेले. वर्षाला ८, पण जमा होतात तिमाहीला २, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या संपल्या. शिवाय वर हेही ऐकवलं की कॅज्युअल अचानक आलेल्या कामासाठी असते, तुमची तपासणी तर ठरलेली असते. मग हक्काची रजा टाकते म्हटलं, तर तिला सात दिवस आधी अर्ज लागतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "सोमवारी येऊन हिमोग्लोबिन दाखवून जा," आणि हे म्हणाल्या होत्या शुक्रवारी. म्हणजे माझी तपासणी अचानकही नाही आणि पुरेशी ठरलेलीही नाही. शेवटी बिनपगारी. ५४ हजार पगार, त्याचा अर्धा दिवस ९०० रुपये. तीनदा कापले, २,७०० झाले.

पैशांहून जास्त लागलं ते एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचं. ती मोठी असते, बाळाचा एकेक अवयव बघतात. ओळखपत्र, फॉर्म, सह्या सगळं झालं, आत घेतलं, तर बाळ पाठ करून झोपलेलं. डॉक्टरांनी चार वेळा प्रोब दाबून बघितला. मणके छान दिसले, पण चेहरा आणि हृदय दाखवायला तयार नाही. "जा, थोडं चाला, गोड काहीतरी प्या, अर्ध्या तासाने बघू." खालून फ्रूटी आणली आणि त्या इमारतीच्या जिन्यात वर-खाली करत बसले. हातात फोन, फोनवर टीम लीडचा मेसेज: "ईटीए?" पोटावर ती गार जेल अजून चिकट होती, कुर्ता त्याला चिकटलेला, आणि मी जिन्यात उभी राहून टाइप करत होते, "२.१५ पर्यंत पोचते." बाळाला मनातल्या मनात म्हणाले, वळ बाबा एकदाचा, अर्धा दिवस कापतील. नंतर घरी येऊन या वाक्याची लाज वाटली. (पाऊण तासाने वळलं. सगळं नीट आहे.)

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी ज्यांचे पगार काढते त्या तिकडच्या बायकांच्या टाइमशीटमध्ये प्रसूतिपूर्व तपासणीचा वेगळा कोड आहे. कुणी दोन तास गेली, कुणी पावणेतीन. ते तास मी त्या कोडखाली टाकते आणि नेहमीच्या दराने पूर्ण पैसे देते. तिथे १९९६ च्या नोकरीविषयक कायद्यातच ते आहे. डॉक्टर किंवा मिडवाइफने सांगितलेली तपासणी असली की पगारी वेळ द्यायचा, बाई नोकरीला कालच लागलेली असली तरी. पहिली भेट झाल्यावर मालक फार तर अपॉइंटमेंट कार्ड मागू शकतो. माझे ९०० रुपये कापले गेले त्याच दुपारी मी एकीचे अडीच तास टाकले. चूक होऊ नये म्हणून दोनदा तपासलेसुद्धा.

प्रश्न एवढाच: आपल्याकडे कायद्यात असं काही आहे का? अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पंधरा दिवसांनी बोलावतात, छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला. मला सदतिसाव्यापर्यंत काम करायचंय, कारण आधी जितके आठवडे घेईन तितके बाळ झाल्यावरचे कमी. आणि हे बिनपगारी दिवस पुढे प्रसूती रजेचा पगार काढताना नडतील का?

घरून काम सुचवू नका. पगाराचा डेटा, क्लायंटची परवानगी नाही.

एचआर_१४वर्षे · २९ सप्टेंबर

आधी वाईट बातमी. तपासणीसाठी वेगळी पगारी सुट्टी आपल्या कायद्यात नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात नव्हती, २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे केले तेव्हाही आली नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा सगळा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला तिथेही नाही. कलमांचे आकडे बदलले, रजा तीच. २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं.

कुणीतरी येऊन सांगेल की एक महिना जादा मिळतो. मिळतो, पण गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर. बीपी वाढलं, रक्तस्राव झाला, बेड रेस्ट सांगितली, तर. नेहमीच्या तपासणीला तो लागू नाही. मात्र उद्या अशी वेळ आली आणि तुमच्या एचआरने "आजार नाही" हेच वाक्य पुन्हा टाकलं, तर ऐकून घेऊ नका. तिथे कायदा त्यांच्या विरुद्ध आहे.

पगाराचं: प्रसूती रजेचा पगार सरासरी रोजंदारीवर निघतो. रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसांची सरासरी. पूर्ण गैरहजेरीचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून त्याची धास्ती नको. अर्ध्या दिवसांचा हिशोब तुमची पेरोल टीम कसा करते ते मात्र आत्ताच लेखी विचारा. तुम्हीच पेरोल आहात म्हणा, पण स्वतःचा पगार कुणी स्वतः काढत नाही.

आता कामाचं. "रजा" हा शब्दच वापरू नका. रजा म्हटलं की आमच्या लोकांना सिस्टिममधले तीन-चार प्रकार सोडून काही दिसत नाही. "वेळेत बदल" मागा. डॉक्टरांकडून पुढच्या तपासण्यांचं वेळापत्रक लेटरहेडवर आणा, सगळ्या तारखा एकदम, आणि मॅनेजरला मेल करा, एचआरला सीसीत ठेवा. त्या दिवशी लॉगिन तीनपर्यंत, राहिलेला वेळ त्याच आठवड्यात भरून. तुमचा अडीचचा नियम कंपनीचा आहे, सरकारचा नाही. तो मॅनेजरच्या एका मेलने वाकतो, मी स्वतः वाकवलेला आहे.

आणि ३,५०० रुपयांचा मेडिकल बोनस मागा. प्रसूतीपूर्वीची आणि नंतरची देखभाल कंपनी स्वतः फुकट पुरवत नसेल तर तो द्यावाच लागतो. दहातल्या नऊ जणी मागत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगत नाही. आमच्याच लोकांचं पाप.

साधा_माणूस · ३० सप्टेंबर

राग मानू नका, पण महिन्यातून एक अर्धा दिवस गेला तर एवढं काय? छोट्या कंपनीच्या मालकानेही बघायचं कुठेकुठे? उद्या याच कारणाने मुलींना घेणंच बंद करतील.

निवृत्त_ऑपरेटर · ३० सप्टेंबर

साधा माणूस, तुमचं वाक्य मी १९८६ साली पिंपरीत आमच्या साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे, शब्दन् शब्द. मुलींना घेणं बंद झालं नाही. साहेब निवृत्त झाले.

बाळा पगारपत्रक, मी टेलिफोन ऑपरेटर होते, बोर्ड सोडून हलायची सोय नव्हती. रजा तेव्हा १२ आठवडेच. तपासणीला जायचं तर आमची एक युक्ती होती: मी गेले की शेजारची माझा बोर्ड बघायची, तिची पाळी आली की मी तिचा. हजेरीपुस्तकात दोघी पूर्ण दिवस. सुपरवायझर बाईंना माहीत होतं. त्या त्या वेळी नेमक्या चहाला जायच्या. तुमच्या लॉगिनला अशी चहाला जाणारी बाई नाही, हे खरं दुखणं आहे.

जिन्यात बाळाला जे म्हणालीस त्याची लाज नको वाटून घेऊ. मी याहून वाईट बोललेय. तो आता चाळिशीत आहे.

भोसरीची_ताई · ३० सप्टेंबर

मी पॅकिंग लाइनला होते, ठेकेदाराकडून. आमच्यात अर्धा दिवस वगैरे भानगड नाही, गेलं की खाडा. खाडा म्हणजे हजेरी पण गेली आणि महिन्याचा हजेरी बोनस पण गेला. एका तपासणीला दोन्हीकडून मार.

पण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, रविवारी नाही. गुरुवारी ओपीडी चालू असते म्हणून मी सगळ्या तपासण्या गुरुवारीच बसवल्या. चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, हॉस्पिटलात. सकाळी सातला रांगेत. पगार २१ हजारांच्या आत असला की ईएसआय कापतात, पगाराच्या पाऊण टक्का आपला, सव्वातीन टक्के मालकाचा. त्यातून २६ आठवड्यांचे पैसे मिळतात, ते मालक देत नाही, ईएसआय देतं.

ज्यांचं ईएसआय आहे त्यांनी एक करा. आपला नंबर टाकून भरणा बघा. माझ्या ठेकेदाराने कापले पण मधले दोन महिने भरलेच नव्हते. आधीच्या दोन हिशोब-काळांत (सहा-सहा महिन्यांचे) मिळून ७० दिवसांचा भरणा लागतो. मी पाचव्या महिन्यात बघितलं म्हणून वाचले, भांडून भरून घेतलं. आठव्यात बघितलं असतं तर रडत बसले असते.

ईएसआय पण नाही त्यांना दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, मोठे डॉक्टर असतात. माझी जाऊ धुण्याभांड्याची कामं करते, ती तिथेच जाते. तिला ना रजा ना खाडा, न गेल्याचे पैसे थेट कापतात. दोन घरांनी नाही कापले, तेवढं पण लिहिते.

परतलेला · १ ऑक्टोबर

तीन वर्षं लीड्सला होतो, पगारपत्रक यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. भर एवढीच की तिकडे नवऱ्यालाही किंवा जोडीदाराला दोन तपासण्यांना वेळ मिळतो, प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत. बिनपगारी, पण हक्काने. मी दोन्हींना गेलो, मॅनेजरला एका ओळीचा मेल.

दुसऱ्या वेळी आम्ही पुण्यात होतो. तीच सोनोग्राफी, तोच मी. टीमला सांगितलं, गाडी पंक्चर झाली. बायको शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "तिकडे खरं बोलायचास." अजून काढते.

नाव_नको · १ ऑक्टोबर

विषयाला थोडं सोडून आहे. माझं दोन वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात गेलं. चौथ्या दिवशी कामावर होते, कारण चारच रजा शिल्लक होत्या. गर्भपात झाला तर दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा कायद्याने असते, हे मला सात महिन्यांनी कळलं, तेही एका मैत्रिणीकडून. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं काय झालंय ते. कुणी बोललं नाही. न सांगणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं, हा विचार मी आता करत नाही.

इथे लिहून ठेवते, कुणाला शोधताना सापडेल.

एचआर_१४वर्षे · १ ऑक्टोबर

नाव नको, बरोबर. डॉक्टरांचा दाखला लागतो, बाकी काही नाही. डॉक्टरांनी करायला सांगितलेल्या गर्भपातालाही हीच सहा आठवड्यांची रजा आहे. हे मीच वर लिहायला हवं होतं.

पगारपत्रक · ३१ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

साधा माणूस, आमची कंपनी छोटी नाही. आणि अर्धा दिवस महिन्यातून एक नाही. पुढच्या साडेतीन महिन्यांत मी ९ तपासण्या मोजल्या आहेत. तक्ताच केला: तारीख, आठवडा, कशासाठी, अंदाजे वेळ. डॉक्टरांनी हसत सही केली. "एवढं व्यवस्थित मलाही माहीत नसतं," म्हणाल्या.

मेल पाठवला, "वेळेत बदल" असाच विषय टाकून. खाली एक ओळ जास्तीची लिहिली, जी खोडावी की ठेवावी यावर दोन दिवस घालवले: "आपण क्लायंटच्या कर्मचाऱ्यांसाठी हे तास रोज भरतो, त्याची कार्यपद्धती टीमला ठाऊक आहे." ठेवली. सर चार दिवस गप्प. पाचव्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना तो कोड कशाचा आहे हे माहीतच नव्हतं. सहा वर्षं त्या क्लायंटचं काम बघतात.

मिळालं ते असं: ९ पैकी ६ तारखांना लॉगिन तीनपर्यंत चालेल, वेळ त्याच आठवड्यात भरायची. उरलेल्या तीन महिनाअखेरीच्या आठवड्यात येतात, पगाराची धावपळ असते, तेव्हा नाही. त्यातल्या दोन डॉक्टरांनी पुढे-मागे केल्या. एक राहिली, ती कॅज्युअलमध्ये. कापलेले २,७०० परत मिळणार नाहीत, "धोरणात बसत नाही."

एक तास मात्र मला न मागता मिळाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं मागे गेली, त्यामुळे माझी शिफ्ट मार्चपर्यंत दीडला सुरू होते. दर वर्षी या बदलाला आम्ही शिव्या देतो, रात्रीचे साडेदहा होतात म्हणून. या वर्षी मी कॅलेंडरवर त्या रविवारला गोल केला होता.

साखरेची चाचणी याच मंगळवारी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. लिंबू पिळू का विचारलं, नाही म्हणाल्या. शेवटचे चार घोट गळ्याखाली उतरत नव्हते. दोन तास त्याच बाकावर, उलटी होऊ नये म्हणून भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत. झाली असती तर पुन्हा एखाद्या दिवशी पहिल्यापासून. १४० च्या आत हवी, ११८ आली. फोन वाजला नाही. मी दोनदा काढून बघितलाही, वाजत का नाही म्हणून.

निवृत्त काकू, चहाला जाणारी बाई सापडली. टीम लीडच. तिने आता "ईटीए" विचारणं बंद केलंय.

आणि तो ३,५०० चा बोनस. एचआरने आधी "असं काही नसतं" सांगितलं, मग कुठेतरी विचारून आल्या, मग म्हणाल्या, देऊ, पण सिस्टिममध्ये त्याला हेडच, म्हणजे रक्कम टाकायचा रकानाच, नाही. आजवर कुणी मागितलाच नव्हता. आमच्या पेरोलच्या मुलाने मलाच विचारलं, तुम्हाला माहीत असेल, कुठे टाकू? नवीन हेड उघडायला तीन मंजुऱ्या लागतात. तोपर्यंत "इतर"मध्ये टाकलाय.